दीड फुटाची बारा-दहा: ट्रकच्या मॉडेलचा रिव्ह्यू, अण्णांच्या दुरुस्त्यांसह

आधी कोरडा हिशेब. वस्तू: टाटा १२१० ट्रकचं हाताने बनवलेलं मॉडेल. लांबी साधारण दीड फूट, वजन पावणेतीन किलो. हौदा (माल भरायचा मागचा भाग) खऱ्या सागवानाचा, केबिन पत्र्याची आणि लाकडाची, टायर रबराचे. किंमत साडेचौदा हजार, त्यातले पाच आगाऊ. सहा आठवड्यांत देतो म्हणाले, अकरा लागले. माझ्याकडून पाचपैकी चार. अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, किती ते विचारू नका, त्यांनी गुण दिलेच नाहीत, दुरुस्त्या दिल्या.

बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय. "ताई, कुठं नाव टाकू नका, हातात आधीच नऊ गाड्या आहेत." पुण्याजवळ राहतात. वीसेक वर्षं खऱ्या ट्रकच्या बॉड्या रंगवल्या, मग कंबर धरली, तेव्हापासून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून छोट्या गाड्या करतात.

अण्णांची पंच्याहत्तरी होती. त्यांना शाल चालत नाही, सत्कार तर अजिबात चालत नाही, आणि मोबाइल दिला तर तो कपाटात जातो. भावाने सुचवलं, अण्णांच्या गाडीचं मॉडेल करून घेऊ. बाजारात खेळण्यातले ट्रक मिळतात, तीनशेपासून तीन हजारांपर्यंत. पण ते सगळे कुणाचे तरी ट्रक. आम्हाला १९७९ सालची, अण्णांनी ८३ साली सेकंडहँड घेतलेली, कराडहून गूळ भरून गुजरातला आणि सांगलीची हळद घेऊन मुंबईच्या दाणाबंदरला जाणारी गाडी हवी होती. परतीला मिळेल ते भाडं: खत, सिमेंट, पत्रे. एकदा नुसत्या प्लॅस्टिकच्या बादल्या भरून आणल्या होत्या, त्यातल्या दोन अजून आईकडे आहेत.

अडचण अशी की त्या गाडीचा आमच्याकडे एकच फोटो. १९८६चा दसरा, कृष्णधवल. गाडी दारात उभी, समोर नारळ फोडलेला, बंपरवर क्लीनरमामा चढून बसलेला, आणि पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळा इतक्या की गाडीचं नाकडोळं काही दिसत नाही. कारागिराने हा फोटो बघून मान हलवली. "ही नवरी पदराआड आहे हो," म्हणाले. मॉडेलमध्ये पुढे जे जे चुकलं ते सगळं या माळांखाली दडलेलं होतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

अण्णांना कळू द्यायचं नव्हतं, त्यामुळे कारागिराचे प्रश्न माझ्याकडे यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री दहानंतर. फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) साखळ्या किती? टूलबॉक्स डावीकडे की उजवीकडे? स्टेपनी कुठे टांगलेली? यातलं मला एकही सांगता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, केबिनमध्ये काय काय होतं? त्यावर मी दोन पानं लिहून पाठवली. चौथीपासून आठवीपर्यंत मे महिन्याच्या सुट्टीत मी लालबागच्या मावशीकडे जायची ती अण्णांच्या गाडीतून. एसटीचे पैसे वाचायचे, आणि मला विचाराल तर विमानाने नेलं असतं तरी मी गेले नसते.

त्या पिढीच्या गाड्यांत इंजिन अर्धं केबिनच्या आत असायचं. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध त्याचा उंचवटा, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर आजीची जुनी वाकळ दोन घड्या घालून टाकलेली. ती माझी जागा. पावसाळ्यात राजेशाही ऊब, मे महिन्यात तव्यावरची भाकरी. मागे आडवी फळी, तिच्यावर आळीपाळीने झोप. काचेच्या वर पालीच्या खंडोबाचा फोटो, त्याला उदबत्तीचं घर, बाजूला गोंडे. पायाशी पाण्याचा कॅन. दाराच्या कप्प्यात बिल्ट्या (मालाच्या पावत्या), परमिट, आणि तपकिरीची डबी. तिच्याबद्दल आईला कधी सांगायचं नव्हतं.

हे सगळं मॉडेलमध्ये आहे. तपकिरीची डबीसुद्धा, चण्याच्या डाळीएवढी. वाकळ कारागिराच्या बायकोने शिवलीय, तळहाताएवढ्या तुकड्यात अकरा ठिगळं आणि हातशिलाईचे धावदोरे. दार उघडून करंगळी आत घातली की ती लागते. पाचातला एक तारा मी त्या वाकळेलाच दिलाय.

रंगकामाबद्दल काय बोलावं. वीस वर्षांचा हात आहे, दिसतोच. मागच्या फाळक्यावर कमळ, दोन्ही बाजूंना मोर, मध्ये "आई-वडिलांची पुण्याई" आणि त्या अक्षरांना लाल सावली. ही सावली स्टिकरवाल्यांना जमत नाही. स्टिकरची सावली सगळीकडे सारखी पडते, ब्रशची सावली वेलांटीच्या पोटात जाड होते आणि शेपटीला बारीक. "हॉर्न ओके प्लीज" लिहायचं का, हे त्यांनी मुद्दाम विचारलं. महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने त्यावर बंदी आणली, उगाच हॉर्न वाजवायचं आमंत्रण नको म्हणून. म्हटलं, लिहा बिनधास्त, दीड फुटाच्या गाडीला आरटीओ अडवणार नाही.

कोणती गाडी म्हणजे काय, हे नव्या लोकांसाठी थोडं सांगते, कारण ऑफिसात मॉडेलचा फोटो दाखवला तेव्हा तिघांनी विचारलं की बारा-दहा हा नंबर आहे का. नंबर नाही, जात आहे. पहिले दोन आकडे माल धरून गाडीचं एकूण वजन, म्हणजे बारा टन. पुढचे दोन ताकद, दहाला दहाने गुणायचं, शंभरेक हॉर्सपॉवर. आज शहरातली एखादी बऱ्यापैकी मोटार पाच माणसं घेऊन याहून जास्त ताकदीने पळते. अण्णांची गाडी तेवढ्यावर हळदीची पोती घेऊन घाट चढायची. कंपनीकडून त्या काळी बहुतेक चेसिसच यायची: पुढचा चेहरा, इंजिन, चाकं आणि मागे नुसता लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर उघड्यावर, डोक्याला फडकं बांधून ती गावापर्यंत आणायचे. केबिन आणि हौदा इकडचे सुतार-लोहार बांधायचे. म्हणून दोन गाड्या कधी हुबेहूब एक नसायच्या, आणि म्हणूनच खेळण्याच्या दुकानात "आपली" गाडी मिळत नाही.

आता अनावरण. शब्द मोठा झाला. प्रत्यक्षात आईने जेवणाच्या टेबलावरून पापडाचा डबा उचलला आणि भावाने तिथे खोकं ठेवलं. पॅकिंग चांगलं होतं, थर्माकोलमध्ये चाकांच्या आकाराच्या खाचा करून बसवलेलं. तरी डावा आरसा तुटून खोक्याच्या तळाशी पडला होता. (अर्धा तारा कापलाय. पण फेव्हिक्विकने दोन मिनिटांत बसला म्हणून परतही दिलाय.)

अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा लावला. खुर्ची मागे सरकवून उठले आणि टेबलाभोवती फिरायला लागले, उजव्या बाजूने सुरुवात करून, मागून, डावीकडून पुढे. मला ती फेरी ओळखू आली. गाडी सोडण्याआधी रोज पहाटे ते असेच फिरायचे, हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन, आणि प्रत्येक टायरवर ठोका मारायचे. मागे दोन-दोन टायर जोडीने असतात. आतला बसला तर बाहेरच्यामुळे डोळ्यांना कळत नाही, आवाजाला कळतं. हवा असली की ठण्ण, बसलेला असला की भद्द. ती टामी अजून आमच्या दारामागे उभी आहे. अण्णांनी मॉडेलच्या सहाही टायरांना नखाने एकेक टिचकी मारली. मग पुढे येऊन थांबले.

"ह्यो तारा कुणी लावला?"

जाळीवर मर्सिडीजचा तीन पात्यांचा तारा होता. दिसायला इतका देखणा की आम्हा कुणाला शंका आली नव्हती. अण्णा म्हणाले, "त्यो एकोणसत्तरलाच गेला की. आपली एकोणऐंशीची." बरोबर होतं. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक काढले, तेव्हा त्यांच्या नाकावर तो तारा होता. १९६९ला करार संपला, तारा उतरला, टाटांचा ‘टी’ आला. आमच्या आळीतली म्हातारी माणसं पुढेही कितीतरी वर्षं अण्णांना "बेंझ कवा आली?" असंच विचारायची, ती गोष्ट वेगळी. कारागिराला फोन केला तर म्हणाले, फुलांखाली काहीतरी गोल दिसत होतं हो. ते गोल म्हणजे लिंबू होतं. लिंबू-मिरचीतलं.

दुसरी चूक नंबरप्लेटची. पिवळ्यावर काळी अक्षरं. आज भाड्याच्या गाडीची पाटी पिवळीच असते, पण तेव्हा ट्रकची पाटी पांढरी, त्यावर काळे आकडे, आणि घरगुती मोटारीची काळी, तिच्यावर पांढरे. पिवळी नंतर आली. कृष्णधवल फोटोत पिवळं आणि पांढरं सारखंच, कारागिराचा काय दोष? स्टेपनीही चुकली, बाजूला टांगलीय, अण्णांची मागे चेसिसच्या पोटाखाली असायची. हे सगळं फार तर वरवरचं. रंग-पान्याने निस्तरता येण्यासारखं.

तिसरी दुरुस्ती मात्र मला आवडली, आणि ती कुठल्याही फोटोतून कळली नसती. अण्णांनी डाव्या दारावर अंगठा फिरवला. "हितला रंग गेलेला पायजे."

मला लगेच आठवलं. क्लीनरमामा डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत बसायचा आणि उजव्या तळव्याने दारावर थापा मारायचा. आरसे होते, पण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. लागोपाठ हलक्या थापा म्हणजे जागा आहे, येऊ दे, येऊ दे. अरुंद पुलावर समोरून गाडी आली की अण्णा नजर पुढे ठेवून फक्त ते दार ऐकायचे. सोळा वर्षांत त्या जागेचा रंग जाऊन खालचा पत्रा नाण्यासारखा चकचकीत झाला होता, बरोबर पंजाच्या आकाराचा. मॉडेलचं दार गुळगुळीत निळं आहे. कुणी कधी हात न लावलेलं.

पाचवा तारा मी इथे अडवलाय, आणि त्यात माझीही चूक आहे. दोन पानं लिहून पाठवली त्यात वाकळ होती, खंडोबा होता, तपकीर होती. दार नव्हतं. मी मधे बसायचे ना, मला दार आतून दिसायचं.

अण्णांनी मग टेबलावरच्या वाटीतला सुपारीचा खांड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. टेबल सपाट आहे. पण सवय. खंबाटकीचा घाट चढताना, तेव्हा बोगदा नव्हता, येणारं-जाणारं सगळं एकाच रस्त्याने, भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये इतकी हळू जायची की क्लीनरमामा खाली उतरून शेजारून चालायचा. हातात लाकडाचा तिकोनी ठोकळा. गाडी दमून थांबलीच तर ती मागे घरंगळायच्या आत तो ठोकळा चाकामागे पडला पाहिजे. मी खिडकीतून त्याच्याशी गप्पा मारायचे. तो चालत, मी ट्रकमध्ये, आणि वेग दोघांचा एकच.

कराडहून रात्रीचं जेवण करून निघालो की सातारा, खंबाटकी, मग शिरवळच्या आसपास चहा. कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताना मामा हमखास म्हणायचा, श्वास धर, आणि मी बाहेर पडेपर्यंत खरंच धरायचे. पुणे मी झोपेत ओलांडायचे. जाग यायची ती लोणावळ्यात, थंडीने, आणि अण्णा म्हणायचे, आता बोलायचं नाही.

बोरघाट उतरताना केबिनमध्ये बोलायला बंदी होती. रेडिओ नाही, विडी नाही. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा त्यांचा नियम. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल ते जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या गिअरात इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढून धरायचं, खालून माझ्या वाकळेतून ती थरथर दातांपर्यंत यायची. ब्रेकवर पाय अगदी हलका, टेकवून उचलायचा. कुणीतरी पुढे ब्रेक दाबत उतरलं असलं की ब्रेकचं लायनर जळल्याचा वास दोन वळणं आधीच यायचा आणि मामा नुसती मान हलवायचा. कुठे गाडी बंद पडलेली असली तर रस्त्यात आधी झाडाची फांदी टाकलेली दिसायची. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असं सांगतात. अण्णा गाडी न थांबवता खिडकीतून चार आणे टाकायचे, नेम कधी चुकला नाही. खोपोली आली की विडी पेटायची आणि मग मला विचारायचे, "भूक लागली का?"

पुढे जकात नाका. लांबच लांब रांग. तिथे अण्णांचं वय वाढायचं, एवढंच सांगते. जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ला मुंबईची जकात संपली, ती बातमी त्यांनी टीव्हीवर दोनदा पाहिली.

असं सगळं मी आणि भाऊ रंगात येऊन बोलत होतो, अण्णा मधूनमधून "हां" म्हणत होते, तेव्हा आई आतून म्हणाली, "मला नको त्याचं कौतुक."

तिचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा रिव्ह्यू खोटा होईल. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. गुजरातला गेलेली गाडी कधी चार दिवसांनी यायची, कधी अकरा. निरोप यायचा तो हुंडेकऱ्याच्या (मालाचं भाडं ठरवून देणाऱ्याच्या) ऑफिसात, तिथला पोऱ्या सायकलवरून सांगायला यायचा, आला तर आला. सायकलची घंटा वाजली की तिच्या पोटात गोळा यायचा, चांगला निरोप असला तरी. एकदा पावसाळ्यात नऊ दिवस काही कळलं नव्हतं. नदीला पूर होता आणि अण्णा पलीकडे गुळाच्या गाडीत बसून होते. ओल लागून गूळ पाझरायला लागला, भाडं तर बुडालंच, वर नुकसानभरपाई. तो हप्ता आईच्या पाटल्यांनी भरला. मॉडेल बघून तिने एकच प्रश्न विचारला: "ह्याच्यावरची धूळ कोण पुसणार?" ग्राहकांच्या दृष्टीने हा रास्त मुद्दा आहे. हौद्याच्या फळ्यांमध्ये धूळ बसते, फडक्याने निघत नाही. जुना दाढीचा ब्रश वापरा.

बाकी तक्रारी झटपट. हेडलाइट लागतात, पण एलईडीचे, पांढरेफटक. जुन्या गाड्यांचा उजेड पिवळा आणि मिणमिणता असायचा, वरून पिवळा जिलेटिन कागद लावून घ्या. सेल बदलायला चार स्क्रू काढावे लागतात. स्टेअरिंगने पुढची चाकं वळतात, पण जेमतेम. अण्णा म्हणाले, ह्या वळणावर गाडी घाटात बसणार नाही. रंगाचा वास आठवडाभर घरात राहिला (भावाला डोकेदुखी, मला उलट बरं वाटत होतं). कमानपाटे (चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा) मात्र खरे आहेत, पोलादी पट्टीचे, सात-सात पानं, मागून दाबलं तर दबतात आणि परत येतात. या किमतीत असं कुणी देत नाही.

आणि ताडपत्री. खाकी कापडाचा सुटा तुकडा आणि सोबत सुताची दोरी, एवढंच दिलेलं होतं. बांधून का नाही दिली म्हणून मी जरा नाराजच होते. आता वाटतं, बरं झालं.

माझ्या भाच्याने हौद्यात चिंचोके भरले, सगळे मागच्या फाळक्याला टेकवून. अण्णांनी त्याला थांबवलं. "मागं नको टाकू. पुढचं हलकं पडतं, मग स्टेअरिंग धरत नाही." चिंचोके पुढे सरकवून एकसारखे केले. मग ताडपत्री टाकली, पुढची कड आधी दुमडून, म्हणजे वारा आत शिरत नाही. आणि दोरी घेतली. अण्णांचे हात आता थरथरतात, शर्टाची गुंडी आई लावून देते. पण डाव्या आकड्यातून दोरी वर नेली, आडवी टाकली, उजवीकडे तिला एक पीळ देऊन फास केला, फासातून खालच्या आकड्याला नेऊन परत वर ओढली, आणि ताणली. कुठे गाठ नाही. ओढली की घट्ट होते, एक टोक सोडलं की सगळी सुटते. भाचा म्हणाला, परत दाखवा. त्यांनी सोडून परत दाखवली. त्यांचा उजवा बाहू डाव्यापेक्षा अजूनही एक छटा काळा आहे, खिडकीवर टेकवलेला असायचा तो. गाडी विकून पंचवीस वर्षं उलटली. खंबाटकीचा बोगदा आणि एक्स्प्रेसवे त्यानंतरचे, दोन्हींवरून ते स्वतःची गाडी घेऊन कधी गेले नाहीत. ९९ला भंगारवाल्याने वजनावर घेतली. तेव्हा मी विचारलं होतं, वाईट वाटलं का, तर म्हणाले होते, काट्यावर दोनशे किलो कमी दाखवली त्याने.

ऑर्डर देणाऱ्यांसाठी सल्ला: सरप्राइझच्या भानगडीत पडू नका. ज्याची गाडी त्यालाच कारागिरापुढे बसवा. फोटो कमी असले तरी चालतील. माळा नसलेला एक तरी शोधा.

अण्णांच्या दुरुस्त्यांची यादी मी कारागिराला पाठवली, एकूण नऊ. राग येईल असं वाटलं होतं. त्यांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. तारा, पाटी, स्टेपनी फुकट बदलून देतो म्हणाले. दाराचा रंग मात्र स्वतः घासणार नाहीत, तो अण्णांनीच घासायचा, शून्य नंबरचा पॉलिश पेपर पाठवतो. आणि मग जरा घुटमळून: "ताई, माझ्याकडे एका लेलँडचं काम आलंय. मालक वारले, मुलाला आतलं काहीच माहीत नाही. अण्णा येतील का एकदा?"

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "लेलँड? आपण टाटावाले. त्यातलं आपल्याला काय कळत न्हाई."

रविवारी सकाळी सातला त्यांचा फोन. मी अजून अंथरुणात. म्हणाले, "मग कवा जायचं?"